मुंबई वगळून जगप्रदक्षिणा

ज्यूल व्हर्न यांच्या ‘अराउंड द वर्ल्ड इन एटी डेज’ या कादंबरीवर २००४ साली आलेला हॉलिवूडपट हे महागड्या आणि फसलेल्या रूपांतराचे ठळक उदाहरण आहे. दिग्दर्शक फ्रँक कोराची, निर्मिती वॉल्डन मीडियाची, वितरण डिस्नेचे. खर्च सुमारे ११ कोटी डॉलर झाला. जगभरातून गल्ला जमला तो सुमारे ७ कोटी २० लाखांचा, आणि त्यात अमेरिकेचा वाटा जेमतेम २ कोटी ४० लाखांचा. वर्षातल्या वाईट चित्रपटांना थट्टेने दिल्या जाणाऱ्या ‘रॅझी’ पुरस्कारांत त्याला दोन नामांकनेही मिळाली. परदेशी चित्रपटाच्या या दिवाळखोरीची मराठी वाचकाने दखल घ्यावी याला कारण आहे. मूळ कादंबरीतला सर्वांत रंगलेला टप्पा मुंबई बंदरात सुरू होतो, कादंबरीची नायिका मुंबईची आहे, आणि नायकाची आगगाडी कल्याणनंतर ज्या स्थानकाला लागते ते बहुधा पनवेल आहे. चित्रपटात यातले काहीही नाही.

अशा रूपांतरांबद्दल दोन मते नेहमी समोरासमोर येतात. येथे ती नवी मुंबईतल्या दोन कल्पित व्यक्तींच्या तोंडी ठेवली आहेत. एक पनवेलची मावशी, शाळेच्या ग्रंथालयातून निवृत्त झालेली. दुसरा तिचा भाचा, ऐरोलीतल्या एका कंपनीत व्हीएफएक्सचे काम करणारा. मावशीचा पक्ष पुस्तकाचा, भाच्याचा पडद्याचा. दोघांनी पुस्तक वाचलेले आहे आणि चित्रपटही पाहिलेला आहे. अशा वादात ही गोष्ट तशी दुर्मीळच.

आधी कादंबरी. ती ६ नोव्हेंबर ते २२ डिसेंबर १८७२ या काळात पॅरिसच्या ‘ल ताँ’ या दैनिकात क्रमशः छापली गेली आणि १८७३ मध्ये पुस्तकरूपाने आली. कथेचा काळ २ ऑक्टोबर ते २१ डिसेंबर १८७२, म्हणजे वाचक जवळजवळ फॉगच्या प्रवासाबरोबरच ती वाचत होते. लंडनचा एकलकोंडा, काटेकोर गृहस्थ फिलिअस फॉग रिफॉर्म क्लबात २०,००० पौंडांची पैज लावतो. तिचा आधार एका वर्तमानपत्रातला हिशेब: लंडन ते सुएझ ७ दिवस, सुएझ ते मुंबई १३, मुंबई ते कोलकाता ३, तिथून हाँगकाँग १३, योकोहामा ६, सॅन फ्रान्सिस्को २२, न्यूयॉर्क ७ आणि पुन्हा लंडन ९. बेरीज ऐंशी. हे गणित तेव्हा नुकतेच शक्य झाले होते. सुएझ कालवा १८६९ च्या नोव्हेंबरात खुला झाला, अमेरिकेचे दोन किनारे त्याच वर्षीच्या मे महिन्यात रुळांनी जोडले गेले, आणि मुंबई–कोलकाता रेल्वे १८७० मध्ये जबलपूरमार्गे सलग झाली.

“या गोष्टीत खलनायक नाही,” मावशी म्हणते. “पैज हरलेले लोकसुद्धा सभ्य आहेत. तो फिक्स नावाचा गुप्तहेर मागे लागतो, पण तोही फॉगला बँकेचा दरोडेखोर समजतो म्हणून. शत्रू एकच, घड्याळ. आता तुमच्या सिनेमात काय आहे बघ. लॉर्ड केल्विन दुष्ट, चीनची सेनापतीण दुष्ट, त्यांच्या टोळ्या दुष्ट. पैज काय, तर जिंकला तर विज्ञानमंत्री आणि हरला तर संशोधन बंद. आणि ज्या पासपार्तूला व्हर्नने साधाभोळा फ्रेंच नोकर केलं, तो इथे पहिल्याच दृश्यात बँक ऑफ इंग्लंड लुटून पळतोय!”

भाचा यातले अर्धेच मान्य करतो. “पासपार्तू जॅकी चॅनला दिला, त्यात चूक काय? मावशी, तूच आठव. पुस्तकातला पासपार्तू पूर्वी सर्कशीत कसरती करायचा. योकोहामात खिशात दमडी नसते तेव्हा तो डोंबाऱ्यांच्या टोळीत शिरून मानवी मनोऱ्याच्या पायथ्याशी उभा राहतो. उड्या मारणारा, पडून उठणारा नट त्या भूमिकेला हवाच. एकोणीसशे छप्पनच्या सिनेमात मेक्सिकोचा विनोदवीर कांतिंफ्लास होता. त्याच्यासाठी कादंबरीत नसलेला स्पेन घातला, बैलांशी झुंज घातली. त्या सिनेमाला पाच ऑस्कर मिळाले, त्यात सर्वोत्कृष्ट चित्रपटाचंही.”

हा मुद्दा बिनतोड आहे आणि मावशीही तो खोडत नाही. मायकेल टॉड निर्मित १९५६ चा चित्रपट तेव्हाच्या सुमारे ६० लाख डॉलरांत झाला आणि जवळजवळ तीन तास चालतो. फॉग म्हटले की लोकांना आज गरम हवेचा फुगा आठवतो. तो फुगा याच चित्रपटाची देणगी. कादंबरीत फॉग फुग्यात एकदाही बसत नाही. अटलांटिक ओलांडण्यासाठी फुग्याचा विचार निघतो तेवढाच, आणि तो व्यवहार्य नाही म्हणून तिथेच संपतो. २००४ च्या चित्रपटानेही फुगा घेतला, तो पुस्तकातून नव्हे तर आधीच्या चित्रपटातून. रूपांतराचे रूपांतर होताना असे पुष्कळदा घडते.

मूळ लेखकाने तरी सत्याशी किती इमान राखले, हा भाच्याचा पुढचा प्रश्न. तो नेमका मावशीच्या गावावर येतो. व्हर्न यांनी दिलेला मार्ग असा: गाडी मुंबई बेट सोडते, साष्टी ओलांडते, ठाण्यासमोर मुख्य भूमीवर येते, कल्याणला खंडाळा–पुण्याकडे जाणारा फाटा उजवीकडे सोडते आणि ‘पॉवेल’ स्थानकाला पोचते, तिथून सह्याद्रीचा बेसॉल्टचा घाट सुरू होतो. त्या काळच्या इंग्रजी नकाशांतले पनवेलचे स्पेलिंग पाहता हे पनवेलच असावे, एका अक्षराच्या छपाईच्या घोटाळ्यासह. प्रत्यक्षात कल्याणहून ईशान्येकडे जाणारी गाडी कसारा–इगतपुरीचा थळघाट चढते, आणि तो लोहमार्ग १ जानेवारी १८६५ रोजी सुरू झाला होता. पनवेल त्या वाटेवर कुठेच नाही. ते होते पुण्याच्या जुन्या सडकेवर. १८३० मध्ये बोरघाटाचा रस्ता झाल्यावर मुंबईकर होडीने खाडीतून पनवेल बंदराला येत आणि पुढे गाडीरस्त्याने घाट चढत. रेल्वे पनवेलला आली ती १९६० च्या दशकात, दिवा–पनवेल मार्गाने. व्हर्न भारतात कधीच आले नव्हते. नकाशावर बोट ठेवून त्यांनी पनवेलला सुमारे नव्वद वर्षे आधी स्थानक देऊन टाकले.

“ती चूक झाली,” भाचा म्हणतो, “पण पुढचं तर मुद्दाम केलंय. मुंबई–कोलकाता लाईन अठराशे सत्तरमध्येच पूर्ण झाली होती. व्हर्नने मधले पन्नास मैल रूळच काढून टाकले. ‘खोल्बी’ नावाचं गाव तयार केलं, गाडी तिथे थांबवली आणि फॉगला दोन हजार पौंडांचा हत्ती घ्यायला लावला. का? हत्ती हवा होता म्हणून! मग कोराचीने आग्र्यात मारामारी घातली तर तू चिडतेस कशाला?”

या प्रश्नापाशी वादाचा खरा गाभा येतो. मावशीचे उत्तर सविस्तर देण्याजोगे आहे. तिच्या मते व्हर्न यांनी रूळ उखडले ते घड्याळाच्या बाजूने. मंगोलिया बोट मुंबईला ठरल्यापेक्षा दोन दिवस आधी, २० ऑक्टोबरला लागते. ही दोन दिवसांची शिल्लक फॉग वहीत मांडतो. पन्नास मैलांच्या खंडाने आणि पुढे नायिका औदाला सतीच्या चितेवरून सोडवण्याच्या प्रसंगाने ती शिल्लक खर्ची पडते आणि २५ ऑक्टोबरला तो कोलकात्यात बरोबर वेळेवर, हातात शून्य ठेवून पोचतो. वाचकाला हत्तीची मजा मिळते आणि वहीतली आकडेमोडही पुढे सरकते.

“आणि ते बूट आठवतात का तुला?” ती विचारते. पासपार्तू मुंबईत खरेदीला म्हणून बाहेर पडतो आणि मलबार हिलवरच्या देवळात बूट घालून शिरतो. पुजारी त्याला बदडतात, बूट काढून घेतात, आणि तो अनवाणी, बोडका धावत रात्री आठच्या गाडीला पाच मिनिटे उरली असताना स्थानकावर पोचतो. वाचक हसून विसरतो. हत्ती, जंगल, चितेवरची सुटका, सगळे होऊन कोलकात्यात उतरल्यावर पोलीस मालक-नोकराला पकडतात. दोघांना वाटते, चितेवरून बाई पळवल्याचा खटला. न्यायाधीशापुढे ठेवले जातात ते मलबार हिलवरचे बूट. पुजाऱ्यांना तिथवर आणलेले असते फिक्सने, कारण त्याला वॉरंट येईपर्यंत फॉगला अडकवून ठेवायचे आहे. फॉग प्रत्येकी १,००० पौंडांचा जामीन भरतो आणि बोट गाठतो.

“एका बुटाच्या जोडाने मुंबई आणि कोलकाता बांधलं,” मावशी म्हणते. “तुमच्या आग्र्याच्या मारामारीने पुढे काय बांधलं? फॉग बायकांच्या कपड्यांत लपला, मारामारी झाली, चीनला गेले. तो प्रसंग उचलून तुर्कस्तानात ठेवला असता तरी काही बिघडलं नसतं.”

तिचा हा निकष टिकाऊ आहे. रूपांतरात प्रसंग बदलणे, गाळणे, नवे घालणे यात दोष नाही. बदललेला प्रसंग मूळ कथेचे इंजिन चालवतो की बंद पाडतो, हे पाहायचे. कादंबरीत फॉग खरोखर चोर आहे का, हा संशय वाचकाच्या मनात अखेरपर्यंत राहतो, कारण व्हर्न त्याच्या भूतकाळाबद्दल जवळजवळ काहीच सांगत नाहीत. चित्रपटात चोर पहिल्या मिनिटाला दिसतो आणि तोही सत्कार्यासाठी चोरी करणारा, गावची जेडची बुद्धमूर्ती परत नेणारा. मग फिक्सच्या पाठलागात उरते ती नुसती आपटाआपटी. ऐतिहासिक नावांचेही तसेच. चित्रपटात राइट बंधू भेटतात आणि त्यांच्या आराखड्यावरून शेवटी बोटीच्या लाकडांचे विमान होते; कादंबरीच्या ऑक्टोबर १८७२ मध्ये विल्बर पाच वर्षांचा आणि ऑरविल एक वर्षाचा होता. हा विनोद म्हणून चालला असता. पण ज्या गोष्टीत माणूस बोटीच्या आणि गाडीच्या वेळा पाळून जिंकतो, तिचा शेवट विमानाने होणे म्हणजे पैजेचा मुद्दाच गेला.

नायिकेच्या प्रश्नावर भाचा आधी आक्रमक होतो. “औदाला काढलं ते बरंच केलं. पारशी मुलगी, बुंदेलखंडच्या म्हाताऱ्या राजाशी जबरदस्तीने लग्न, आणि मग तिला सती घालायला निघालेली मिरवणूक. सतीबंदी अठराशे एकोणतीसची. पारशी मुलीचं असं लग्न आणि सती, दोन्ही न पटणारं. युरोपातल्या वाचकाला चमचमीत हिंदुस्थान दाखवायचा होता, एवढंच. आजच्या सिनेमात हे दाखवलं असतं तर तूच पहिली ओरडली असतीस.”

“ओरडले असते,” मावशी कबूल करते. “चिता काढ ना. पण बाई का काढलीस?”

औदाबद्दल व्हर्न यांनी दिलेला तपशील चितेच्या देखाव्यापेक्षा पुष्कळ सच्चा आहे. ती मुंबईच्या श्रीमंत पारशी व्यापाऱ्याची मुलगी, आणि तिचे इंग्रजी शिक्षण मुंबईतच झालेले. १८७२ मध्ये हे मुळीच अशक्य नव्हते. माणेकजी करसेटजी यांनी मुलींसाठी अलेक्झांड्रा इंग्रजी शाळा १८६३ मध्ये मुंबईत काढली होती. व्हर्न तिला सर जमशेटजी जीजीभॉय यांची नातलग करतात आणि तिचा एक आप्त हाँगकाँगला व्यापार करतो असे सांगतात. मुंबईच्या पारशी पेढ्यांचा चीनशी व्यापार तेव्हा जगजाहीर होता. जमशेटजींचे वैभव त्यातूनच उभे राहिले, आणि १८५७ मध्ये त्यांना बॅरोनेट हा किताब मिळाला. म्हणजे जमशेटजींच्या घराण्याची एक शिकलेली मुंबईकर तरुणी जगप्रदक्षिणेला निघते, अशी ही गोष्ट आहे.

शेवटही तिच्याच हातात आहे. लंडनला पाच मिनिटे उशिरा पोचलो, पैज हरलो, असे समजून फॉग घरात बसून राहतो. औदा स्वतः त्याला लग्नाचे विचारते. पाद्र्याला सांगायला धावलेल्या पासपार्तूला कळते की उद्या सोमवार नाही, रविवार आहे. पूर्वेकडे जाताना दर अंशाला चार मिनिटे वाचत गेली आणि ३६० अंशांत पूर्ण चोवीस तास हाती आले. तिने विचारलेच नसते तर तो दिवस कुणाला कळलाच नसता. १९५६ मध्ये ही भूमिका रंग फासून अमेरिकेच्या शर्ली मॅक्लेनने केली. २००४ मध्ये औदा नाहीशीच झाली. तिच्या जागी मोनिक नावाची फ्रेंच चित्रकार आली. तारखेची युक्ती ठेवली, पण ती ज्या माणसामुळे उलगडते ते माणूस गेले.

येथे भाचा गप्प बसत नाही, तो पैशाकडे वळतो. आणि या धंद्यातला माणूस म्हणून त्याचे ऐकायला हवे. “अकरा कोटी डॉलर टाकणारा वेळापत्रकावर पैसे टाकत नाही, चेहऱ्यांवर टाकतो. जॅकी चॅन आहे म्हणजे चीनमधलं गाव आलं, सॅमो हंग आला, मारामाऱ्या आल्या. श्वार्झनेगर तुर्की राजपुत्र म्हणून दोन मिनिटं दिसतो, कारण पोस्टरवर नाव पाहिजे. शूटिंग थायलंड आणि बर्लिनमध्ये. शिवाय अठराशे बहात्तरच्या वाचकाला बोटींच्या वेळा म्हणजे नवल होतं. आता नवी मुंबईच्या विमानतळावरून निघालेला माणूस दोन-तीन दिवसांत पृथ्वीला फेरी घालून येईल. घड्याळाची भीती आजच्या मुलांना कशी दाखवायची?”

शेवटचा प्रश्न खरा आहे. त्याचे एक उत्तर मायकेल पेलिन यांनी दिलेले आहे. बीबीसीसाठी १९८८ मध्ये ते विमान न वापरता त्याच मार्गाने निघाले आणि दुबईहून मुंबईपर्यंत साध्या लाकडी गलबतातून आले. गलबताच्या त्या संथ दिवसांत पेलिन यांचे सगळे वेळापत्रक धोक्यात येते, आणि मालिकेतला तोच भाग लोकांच्या सर्वांत लक्षात राहिला. दुष्ट लॉर्ड नाही, टोळी नाही, स्फोट नाही. घड्याळाची भीती आजही चालते. ती दाखवण्यासाठी प्रवास खरा वाटावा लागतो, एवढेच.

भाच्याकडे आणखी एक भक्कम मुद्दा उरतो. व्हर्न यांनी स्वतः अडोल्फ देनरी यांच्याबरोबर या कादंबरीचे नाटक केले. ते नोव्हेंबर १८७४ मध्ये पॅरिसच्या पोर्त सँ-मार्तँ रंगमंदिरात लागले आणि तुफान चालले. त्यात रंगमंचावर जिवंत हत्ती होता, सापांची गुहा होती, बोट बुडण्याचा देखावा होता, औदाला एक बहीणही मिळाली. “भपका लेखकानेच आणला,” भाचा म्हणतो. मावशी याला हरकत घेत नाही, फक्त एवढेच दाखवते की त्या भपक्यातही औदा जागेवर होती आणि पैजही.

बदलाला सरसकट विरोध करणे मराठी वाचकाला तर शोभणारच नाही. व्हर्न यांना मराठी मुलांच्या घरात आणणाऱ्यांत भा. रा. भागवत अग्रणी, त्यांनी ते साहस आपल्या भाषेत मोकळेपणाने रुजवले. त्यांच्याच फुरसुंगीच्या बनेशवर २०१७ मध्ये आदित्य सरपोतदार यांनी ‘फास्टर फेणे’ केला. त्यात शाळकरी बन्या तरुण झाला, अमेय वाघच्या रूपात वैद्यकीय प्रवेशपरीक्षेच्या घोटाळ्यात शिरला, आणि खुद्द भागवत हे दिलीप प्रभावळकरांनी रंगवलेले पात्र होऊन गोष्टीत आले. २००४ च्या हॉलिवूडपटाने केले त्याहून हे बदल लहान नाहीत. तरी पुस्तकाचे वाचक दुखावले नाहीत, कारण चौकसपणा, सायकल आणि संकटात उडी घेण्याची खोड या फेणेच्या मुळातल्या गोष्टी शाबूत राहिल्या. मावशीला तो चित्रपट आवडला होता, आणि भाचा हे तिच्याविरुद्ध वापरतो. पण तो पुरावा खरे तर तिच्याच निकषाच्या बाजूने पडतो.

म्हणून २००४ च्या चित्रपटाबद्दल निकाल द्यायचा तर असा: जॅकी चॅनची निवड योग्य, फुगा क्षम्य, चिता गाळणे शहाणपणाचे; पण खलनायक घालणे, संशय संपवणे आणि औदाला हाकलणे या तीन निर्णयांनी कथा मोडली. पैसा कमी पडला म्हणून नव्हे, तो कशावर खर्च करायचा हे कळले नाही म्हणून.

व्हर्न १९०५ मध्ये वारले आणि त्यांची ही कादंबरी केव्हाच हक्कमुक्त झाली आहे. मलबार हिलपासून थळघाटापर्यंतचा तिचा भाग पडद्यावर आणायला कुणा मराठी दिग्दर्शकाला परवानगी मागावी लागणार नाही. तोवर वाचकांनी एक करावे. कादंबरीची एकूण प्रकरणे ३७. त्यांतली दहा ते पंधरा ही मुंबईपासून कोलकात्याच्या कोर्टापर्यंतची आहेत. चित्रपट लावण्याआधी मुलांना तेवढी तरी वाचून दाखवावीत.